पांढरा ठिपका : पाईपकार आल्फ्रेड डनहिल

शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाच्या स्मरणग्रंथात ग्रंथकारांची, समाजसुधारकांची, फार तर एखाद्या उदार आश्रयदात्याची चरित्रे असावीत, अशी सभासदांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. अशा ग्रंथात तंबाखू ओढण्याचे पाईप घडविणाऱ्या एका इंग्रज दुकानदाराची जीवनकथा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. प्रस्तुत लेखक स्वतः धूम्रपान करीत नाही आणि त्याचे समर्थन करण्याचा त्याचा हेतूही नाही. परंतु वस्तू घडविणाऱ्या माणसाने आपल्या वस्तूची जबाबदारी कुठवर घ्यावी, हा प्रश्न ज्याच्या चरित्रातून आपोआप पुढे येतो असा कारागीर म्हणून आल्फ्रेड डनहिल अभ्यासण्याजोगा आहे. शिवाय तो ग्रंथकारही होता. आपल्या व्यवसायाचा जगभरचा इतिहास त्याने पुस्तकरूपाने लिहून ठेवला, त्यामुळे ग्रंथालयाच्या कपाटावर त्याचा थोडासा हक्क पोहोचतोच.

आपल्या बेळगावच्या परिसराला तंबाखूची ओळख करून देण्याची गरज नाही. निपाणीच्या काळ्या जमिनीतील विडीची तंबाखू, तेथील वखारी, त्या वखारींतून राबणाऱ्या स्त्रिया आणि १९८१ सालचे शेतकऱ्यांचे आंदोलन हे सारे आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. तंबाखूचा हिंदुस्थानातील प्रवासही आपल्या शेजारूनच झालेला आहे. पोर्तुगिजांच्या गलबतांतून आलेले हे झाड दख्खनमध्ये लवकर रुजले. अकबराचा वकील असदबेग विजापूरच्या आदिलशाही दरबारात गेला होता. तेथून परतल्यावर १६०४ च्या सुमारास त्याने तंबाखू आणि ती ओढण्याचे रत्नजडित साधन बादशहापुढे ठेवले. बादशहाने कुतूहलापोटी चव घेतली, आणि दरबारातील हकिमांमध्ये या नव्या वस्तूच्या गुणदोषांवर वाद झडला. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली, पण लोकांनी ती मानली नाही. बिदरच्या कारागिरांनी काळ्या धातूवर चांदी बसवून हुक्क्याची जी भांडी घडविली ती आज देशोदेशींच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेली आहेत. हकिमांची शंका आणि कारागिरांचे कौशल्य अशी ही जोडी तंबाखूच्या इतिहासात पहिल्यापासून एकत्र चालत आली आहे. डनहिलच्या चरित्रातही तीच जोडी आढळते.

आल्फ्रेड डनहिलचा जन्म ३० सप्टेंबर १८७२ रोजी लंडनच्या उत्तर भागातील हॉर्न्सी येथे झाला. त्याचे वडील हेन्री डनहिल हे घोड्यांचा साज, ताडपत्री, गोणपाट अशा मालाचा व्यवसाय करीत. आपल्याकडील जिनगरांच्या धंद्याशी बराचसा जुळणारा हा व्यवसाय होता. घर सुखवस्तू होते आणि कलेचे वावडे नव्हते. आल्फ्रेडचा धाकटा भाऊ टॉमस पुढे संगीतरचनाकार म्हणून इंग्लंडात नावारूपास आला. आल्फ्रेडला मात्र पंधराव्या वर्षीच वडिलांच्या दुकानात उमेदवारीसाठी घेण्यात आले. कातडे कसे निवडावे, शिवण कोठे दुहेरी घालावी, वाद्या आणि बकले कशी बसवावीत, हे तो हाताने काम करीत शिकला. जनावराच्या पाठीवर चढणारा साज थोडा जरी चुकीचा बेतला तरी जखम करतो. वस्तू वापरणाऱ्याच्या अंगाला ती कशी लागते, याचा विचार करण्याची सवय त्याला येथे लागली असावी. १८९३ साली वडील निवृत्त झाले आणि एकविसाव्या वर्षी तो या पेढीचा मालक झाला.

तो काळ घोडागाडीच्या अखेरचा होता. इंग्लंडात रस्त्यावर चालणाऱ्या यांत्रिक वाहनांवर पूर्वी अत्यंत कडक निर्बंध होते. गावाबाहेर ताशी चार मैल व गावात ताशी दोन मैल ही त्यांची वेगमर्यादा होती, आणि वाहनापुढे एका माणसाने पायी चालावे असा कायदा होता. १८९६ च्या कायद्याने हे निर्बंध उठले आणि वेगमर्यादा ताशी १४ मैलांवर गेली. पुष्कळ जिनगरांना या नव्या वाहनाचे महत्त्व फार उशिरा कळले. तरुण डनहिलला ते तत्काळ कळले. मोटार त्या काळी उघडी असे. धूळ, वारा, पाऊस आणि थंडी यांपासून चालकाला वाचविणारे कपडे व साधने कोणी तरी पुरवावयास हवी होती. त्याने कातडी कोट, चष्मे, हातमोजे, भोंगे, दिवे, घड्याळे अशा मालाचे दुकान थाटले आणि मोटार सोडून मोटारीचे सर्व काही आपल्याकडे मिळेल, अशा आशयाची जाहिरात केली. या मालाला त्याने ‘मोटोरिटीज’ असे नाव दिले. त्याच्या कल्पक बुद्धीचा खोडकर नमुना म्हणजे दूरवर उभा असलेला पोलीस आधीच दिसावा म्हणून दुर्बिणीची भिंगे बसविलेला चष्मा. वेगमर्यादा मोडणाऱ्या श्रीमंत मोटारवाल्यांना तो हवासा वाटला, यात नवल नाही.

याच दुकानातून त्याच्या पुढील आयुष्याचा धागा निघाला. उघड्या मोटारीत पाईप ओढताना वाऱ्याने निखारा भडकत असे, राख उडत असे, ठिणग्या कपड्यांवर पडत. १९०४ साली डनहिलने वाटीच्या पुढील कडेला उंच आडोसा असलेला एक पाईप तयार केला. दिसावयास तो फारसा देखणा नव्हता, पण घोड्याचा साज, मोटारीचा कोट आणि हा पाईप यांमागील विचार एकच होता. माणसाची अडचण पाहावी आणि हाताला लागेल त्या साहित्यातून तिच्यावर उपाय काढावा, ही त्याची रीत होती. मोटारसाहित्याच्या धंद्यातून तो पुढे बाहेर पडला आणि १९०७ साली लंडनच्या सेंट जेम्स भागातील ड्यूक स्ट्रीटवर त्याने तंबाखूचे एक छोटे दुकान उघडले.

या भागात सरदार-जहागीरदारांचे क्लब होते आणि तंबाखूचे नावाजलेले जुने व्यापारीही होते. नवख्या दुकानदाराने त्यांच्याशी स्पर्धा कशी करावी? डनहिलने तयार डबे पुढे करण्याऐवजी गिऱ्हाईकाला प्रश्न विचारण्यास प्रारंभ केला. कोणाला सौम्य चव हवी, कोणाला उग्र. कोणाला अमेरिकेतील व्हर्जिनिया जातीची गोडसर पाने आवडत, कोणाला लाकडाच्या धुरावर धरलेली सिरियाची लटाकिया. ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे पाने मिसळून तो मिश्रण तयार करी आणि त्याचे प्रमाण एका वहीत क्रमांकासह नोंदवून ठेवी. पुढे त्या गिऱ्हाइकाने केवळ क्रमांक कळविला की हुबेहूब तेच मिश्रण त्याच्या हाती पडे. कोणत्या सभासदाला कोणते पुस्तक रुचेल हे मनात टिपून ठेवणारा जुना ग्रंथपाल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या वहीचे मोल वेगळे सांगावयास नको.

तंबाखू चांगली मिळाली तरी ती ज्यात घालून ओढावयाची तो पाईप चांगला नसेल तर सारे व्यर्थ. येथे पाईपच्या इतिहासाकडे क्षणभर वळणे आवश्यक आहे. तंबाखू युरोपात आल्यावर सुमारे तीनशे वर्षे सामान्य माणसाचा पाईप पांढऱ्या मातीचा असे. ओली माती साच्यात दाबावयाची, तारेने तिच्यात भोक पाडावयाचे आणि भट्टीत भाजावयाचे, अशी ती कृती होती. असे पाईप स्वस्त असत, पण तापत फार आणि फुटतही लवकर. श्रीमंतांसाठी तुर्कस्तानातील एस्कीशेहिर येथे सापडणाऱ्या मीरशॉम नावाच्या हलक्या पांढऱ्या खनिजाचे कोरीव पाईप होते, तेही नाजूकच. लाकडाचा पाईप करावा तर तो आतून जळून जाई. ही अडचण सुटली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, भूमध्य समुद्राच्या काठच्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या ब्रायर नावाच्या झुडपामुळे. फ्रान्समधील जुरा पर्वतातील सँ-क्लोद हे लाकूड कातणाऱ्यांचे गाव त्या काळापासून ब्रायरच्या पाईपांचे माहेरघर बनले.

पाईप होतो तो या झुडपाच्या फांदीचा नव्हे. मुळे आणि खोड यांच्या सांध्याशी जमिनीखाली एक गाठ धरते आणि ती कित्येक दशके वाढत राहते. दुष्काळात झुडपाला जगविणारी ही गाठ अतिशय कठीण, दाट आणि उष्णता सहन करणारी असते. कॉर्सिका, इटलीतील कलाब्रिया, अल्जीरिया आदी प्रदेशांतून ती खणून काढतात. उन्हाने तडकू नये म्हणून ओलसर ठेवतात, करवतीने तिचे ठोकळे पाडतात, ते उकळून त्यांतील रस व कडवटपणा काढतात आणि मग महिनोन् महिने सावलीत वाळवितात. त्यानंतर ठोकळा कातयंत्रावर चढतो. वाटी कोरावयाची, दांड्यातून भोक पाडावयाचे आणि ते भोक वाटीच्या नेमके तळाशी उघडले पाहिजे. ते वर उघडले तर तळाची तंबाखू ओली राहते. खाली गेले तर खड्ड्यात पाणी साठते. मुखनळी गंधकाच्या संस्काराने कठीण केलेल्या रबराची असते. दातांत धरताना ती बोचू नये इतकी पातळ, पण चावल्याने तुटू नये इतकी जाड असावी लागते, आणि ती लाकडाशी अशी जुळावी लागते की सांध्यावरून नख फिरविले तरी अडू नये. सावंतवाडीच्या कातारी-चिताऱ्यांची कामगिरी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना या हातकामाची कल्पना येईल.

या कामातील खरी परीक्षा पुढेच आहे. ठोकळा बाहेरून निर्दोष दिसला तरी आत वाळूचा कण, बारीक पोकळी किंवा चीर दडलेली असू शकते. कातता कातता ती उघडी पडते, आणि तोपर्यंत अर्धेअधिक श्रम खर्ची पडलेले असतात. अशा वेळी बहुतेक कारखानदार ती पोकळी लुकणाने बुजवीत, वरून गडद रंग देत आणि झिलई करून माल विकून टाकीत. दुकानात तो पाईप उत्तम दिसे. काही आठवड्यांच्या वापरानंतर लुकण सुटे, वाटी एका जागी जळून जाई आणि गिऱ्हाईक दुकानदाराकडे परत येई. डनहिलकडेही बाहेरून घेतलेल्या पाईपांबद्दल अशीच गिऱ्हाइके येऊ लागली. दोष कारखानदाराचा असला तरी तोंड दुकानदाराला द्यावे लागत होते. दुसऱ्याच्या हलगर्जीपणाची जबाबदारी आपण घ्यावयाची असेल तर वस्तूच आपण घडवावी, असा निर्णय त्याने घेतला.

१९१० साली त्याने स्वतःचा पाईपचा कारखाना सुरू केला. कारखाना म्हणण्याइतका तो मोठा नव्हता. दुकानाजवळच्या दोन खोल्या आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कारागीर एवढाच पसारा होता. सुरुवातीस वाट्या सँ-क्लोदहून कातून येत. लंडनमध्ये त्यांची कठोर निवड होई, त्या घासल्या जात, त्यांना रंग दिला जाई आणि हाताने कापून काढलेल्या मुखनळ्या त्यांना बसविल्या जात. लाकूड मुरविण्याची त्याची पद्धत वेगळी होती. वाट्या तेलात भिजवून मग सावकाश उष्णता द्यावयाची. उष्णतेने तेल बाहेर झिरपे आणि त्याबरोबर लाकडातील उरलासुरला रसही निघून जाई. ते पुसून काढावयाचे आणि पुन्हा उष्णता द्यावयाची, असे हे काम अनेक दिवस चाले. सदोष वाट्यांना लुकण लावण्याची त्याच्या कारखान्यात मनाई होती. या पाईपांची किंमत बाजारभावापेक्षा बरीच अधिक होती, आणि ती कमी करण्याची घाई त्याने केली नाही.

डनहिलचे नाव ज्या खुणेमुळे जगभर झाले तिचा उगम मात्र अगदी किरकोळ अडचणीत आहे. हाताने घडविलेली मुखनळी त्या त्या पाईपाला एकाच बाजूने नीट बसते. वाकड्या पाईपात चूक होण्याची शक्यता नसते, पण सरळ पाईपाची मुखनळी स्वच्छतेसाठी काढल्यावर वरची बाजू कोणती, हे गिऱ्हाइकाला कळेना. उलटी बसविली की सांधा जुळत नसे आणि तक्रार कारागिराविरुद्ध येई. म्हणून १९१२ च्या सुमारास मुखनळीच्या वरच्या बाजूस एक लहानसा पांढरा ठिपका बसविण्याचे ठरले. ठिपका वर दिसला की नळी योग्य बसली. एवढ्या साध्या सोयीतून निर्माण झालेली ही खूण काही वर्षांतच सचोटीची निशाणी बनली. हा ठिपका ज्या पाईपावर आहे त्यातील लाकूड अथवा काम सदोष निघाल्यास ठरावीक मुदतीत तो बदलून देण्याची हमी डनहिलने दिली होती. आपल्या हातून गेलेल्या वस्तूचा पाठलाग करून तिच्या दोषाचे उत्तर देण्याची ही तयारी त्या धंद्यात विरळाच होती.

ठिपका देण्यात जितकी प्रतिष्ठा होती तितकीच तो न देण्यातही होती. डनहिलच्या कसोटीला न उतरणाऱ्या वाट्यांचे काय करावयाचे हा प्रश्न होताच. १९२२ च्या सुमारास त्यासाठी पार्कर या नावाची निराळी कंपनी काढण्यात आली. तो माल कमी किमतीत, निराळ्या नावाने आणि पांढऱ्या ठिपक्यावाचून विकला जाई. व्यवहार म्हणून ही युक्ती चतुर होती यात शंका नाही. पण दुय्यम माल उत्तम म्हणून खपविण्याचा मोह तीत टाळला होता, हेही नमूद केले पाहिजे. त्याच्या हाताखाली काम केलेला जोएल सासिएनी १९१९ मध्ये बाहेर पडला, त्याने स्वतःचा कारखाना काढला आणि पुढे आपल्या पाईपांवर निळ्या ठिपक्यांची खूण आणली. एका कारखान्यात शिकून गेलेल्या माणसाने खुणेची कल्पनाही बरोबर न्यावी, यावरून त्या ठिपक्याचे बाजारातील वजन लक्षात येते.

१९१७ मध्ये डनहिलच्या कारखान्यात पाईपाचा एक नवा प्रकार तयार झाला. अल्जीरियाचे ब्रायर इतर ठिकाणच्या लाकडापेक्षा काहीसे मऊ असते. त्याच्या वाटीवर वाळूचा जोरदार मारा केला असता रेषांमधला मऊ भाग झिजतो आणि कठीण रेषा उठून दिसतात. पाईपाला शिंपल्यासारखा खडबडीत पृष्ठभाग मिळतो, म्हणून त्याला ‘शेल’ म्हणजे शिंपला असे नाव दिले गेले. असा पाईप वजनाने हलका होतो आणि पृष्ठभाग वाढल्यामुळे हाताला कमी तापतो. तापलेल्या जागेशेजारी विसरून राहिलेल्या एका वाटीवरून ही कल्पना सुचली, अशी दंतकथा सांगतात. ती खरी असो वा नसो, गुळगुळीत झिलईलाच सौंदर्य मानणाऱ्या त्या काळात लाकडाचा खडबडीत पोत दाखविण्याचे धाडस करणे सोपे नव्हते. आज जगातील बहुतेक पाईपकार ही रीत वापरतात.

हा शोध लागला तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. फ्रान्समधील खंदकांत महिनोन् महिने काढणाऱ्या अधिकाऱ्यांना तंबाखूचे डबे आणि पाईप टपालाने पाठविण्याची व्यवस्था डनहिलने केली होती. या अधिकाऱ्यांच्या खिशांतून पांढरा ठिपका दोस्तराष्ट्रांच्या सैन्यांत पोहोचला आणि युद्धानंतर त्याची मागणी समुद्रापलीकडून येऊ लागली. १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सचा अधिकृत तंबाखूविक्रेता असण्याचा मान त्याला मिळाला. पाठोपाठ न्यूयॉर्क आणि पॅरिस येथे दुकाने उघडली. युद्धात एक हात गमावलेल्यांनाही वापरता येईल असा, एकाच हाताने पेटणारा लायटर याच सुमारास त्याच्या पेढीने बाजारात आणला. त्याचा पहिला नमुना मोहरीच्या पुडीच्या रिकाम्या डब्यातून बनविला होता, हे वाचून आजही मौज वाटते.

यशाच्या या शिखरावर असताना डनहिलने एक ग्रंथ लिहिला. ‘द पाईप बुक’ हे त्याचे पुस्तक १९२४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. अनेक वर्षे तो देशोदेशींचे पाईप जमवीत होता. या संग्रहाच्या आधारे त्याने मानवाच्या धूम्रपान-साधनांचा इतिहास मांडला. अमेरिकेतील आदिवासींचे दगडी पाईप, आफ्रिकेतील भोपळ्याचे व लाकडाचे पाईप, युरोपातील मातीचे पाईप, इराण व हिंदुस्थानातील पाण्यातून धूर ओढण्याची साधने यांचा त्यात सचित्र परामर्श आहे. आपल्या दुकानातील माल खपविण्यासाठी केलेले हे जाहिरातीचे पुस्तक नाही. त्याच्या काही अनुमानांना नंतरच्या मानववंशशास्त्रज्ञांनी मागे टाकले असेल, पण शाळा लवकर सोडलेल्या एका जिनगराच्या मुलाने आपल्या हातातल्या वस्तूचा शोध घेत जगभर फिरून यावे, याचे मोल कमी होत नाही. आपल्याकडे तांबट, कासार, कातारी, विणकर यांच्यात पिढ्यान् पिढ्यांचे ज्ञान साठले, परंतु त्यांपैकी फारच थोड्यांनी ते लिहून ठेवले किंवा त्यांच्याकडून कोणी लिहून घेतले. ही खंत या पुस्तकाच्या निमित्ताने मनात आल्यावाचून राहत नाही.

येथवरची कथा उद्योगी माणसाच्या यशाची झाली. परंतु चरित्र लिहावयाचे तर उरलेले झाकून ठेवता येत नाही. १९२८ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, डनहिलने धंद्यातून अंग काढून घेतले. व्यवसाय भाऊ हर्बर्ट आणि मुलगा आल्फ्रेड हेन्री यांच्या हाती गेला. त्याच सुमारास तो आपल्या संसारापासूनही दूर गेला आणि उरलेले आयुष्य त्याने निराळ्या सोबतीत घालविले. ही ताटातूट घरच्यांना किती जड गेली हे त्याची मुलगी मेरी हिने पुढे लिहिलेल्या कौटुंबिक आठवणींतून कळते. मेरीने स्वतः या पेढीत काम केले आणि पुढे ती तिची अध्यक्षही झाली. अनोळखी गिऱ्हाइकाला दिलेली हमी अक्षरशः पाळणारा हा माणूस घरच्या माणसांच्या बाबतीत तितका बांधलेला राहिला नाही, ही विसंगती नोंदवून पुढे जावे. तिचा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

एप्रिल १९४१ मध्ये जर्मन बाँबवर्षावात ड्यूक स्ट्रीटवरील दुकान उद्ध्वस्त झाले. मुलगा आल्फ्रेड हेन्री याने भग्नावशेषांपुढे रस्त्यावर टेबल मांडले आणि वाचलेला माल घेऊन विक्री सुरू केली. संस्थापक हयात होता, पण या घडामोडींपासून तो दूर होता. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, जानेवारी १९५९ मध्ये, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील वर्दिंग या गावी त्याचे निधन झाले.

त्याच्या मृत्यूपूर्वी नऊ वर्षे एक घटना घडली होती, तिचा उल्लेख केल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोन इंग्रज संशोधकांनी लंडनच्या रुग्णालयांतील रुग्णांचा अभ्यास करून धूम्रपान आणि फुप्फुसांचा कर्करोग यांचा निकटचा संबंध दाखवून दिला. १९६२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने आणि १९६४ मध्ये अमेरिकन सरकारच्या वैद्यकीय प्रमुखांनी तोच निष्कर्ष सविस्तर मांडला. पाईप ओढणारे धूर खोल घेत नाहीत म्हणून ते सुरक्षित, ही समजूतही टिकली नाही. ओठ, तोंड आणि घसा यांच्या कर्करोगाचा धोका त्यांनाही असतो. अकबराच्या दरबारातील हकिमांनी तर्काने घेतलेली शंका साडेतीनशे वर्षांनी आकड्यांनी सिद्ध झाली.

मग त्या पांढऱ्या ठिपक्याचे काय? लाकडात चीर निघाली तर डनहिल पाईप बदलून देत होता. त्या पाईपातून माणसाच्या शरीरात जे गेले त्याची हमी त्याने कधी दिली नव्हती, आणि कोणालाही ती देता आली नसती. त्याने आपले घडीव काम केले ते बहुतांशी अज्ञानाच्या काळात, हे त्याच्या बाजूने सांगता येईल. परंतु वस्तू निर्दोष असणे आणि वस्तूचा उपयोग निर्दोष असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्याच्या चरित्रावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच होत असेल. म्हणून त्याच्या कारागिरीची थोरवी नाकारण्याचे कारण नाही, आणि त्या थोरवीमुळे तंबाखूला पावन करून घेण्याचेही कारण नाही. निपाणीच्या परिसरात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा पेच पुस्तकी वाटत नाही. या पिकावर ज्यांच्या मुलांची शिक्षणे झाली अशी घरे आपण पाहिली आहेत, आणि याच पिकाने ज्यांचा कर्ता माणूस नेला अशीही घरे पाहिली आहेत. प्रस्तुत लेखकाच्या वर्गात या दोन्ही घरांतील मुले वर्षानुवर्षे एकाच बाकावर बसत आली.

डनहिलकडून घ्यावयाचे ते एवढेच, की आपल्या हातून बाहेर पडणाऱ्या कामावर आपली खूण असावी, आणि त्या खुणेखाली दोष निघाल्यास तो निस्तरण्याची तयारी असावी. शिक्षकाला ही खूण विद्यार्थ्यांमधून दिसते, ग्रंथालयाला ती पुस्तकाच्या पहिल्या पानावरील शिक्क्यातून. शंभर वर्षे हा शिक्का ज्यांनी सांभाळला त्या ग्रंथपालांची, कार्यकर्त्यांची आणि देणगीदारांची नावे या स्मरणग्रंथात इतरत्र आलेलीच आहेत. ती वाचताना लंडनमधील दोन खोल्यांत कानस घेऊन बसलेल्या, लुकणाला हात न लावणाऱ्या त्या कारागिरांचीही एकदा आठवण व्हावी, म्हणून हा लेख.